उजव्या स्पीकरमधला ठेका

आमच्या वस्तीतल्या विहारात बाया डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. तसा कुणी नियम केलेला नाही, चपला काढायच्या जागा तशा आहेत म्हणून. दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर. वर्षावासात तीन महिने रोजचं ग्रंथवाचन आम्ही बायाच करतो आणि समारोपाला गाणी म्हणतो. त्या वर्षी विहार समितीच्या अध्यक्षांनी गाणीच काढून टाकली.

"दोन सालापासून पाहून राहिलो, तुमची टाळी कुठी अन् ठेका कुठी. बायाईले ताल नाही राहत, बाई. वंदना घ्या, बस झालं."

आमची गाणी माझ्या शेजारच्या मावशी रचतात. वय सत्तरीपुढे, शिक्षण चौथी. नवं गाणं त्यांनी माझ्याकडून वहीत उतरवूनही घेतलं होतं. घरी येताना म्हणाल्या, "खरं असन वं. म्हातारी झाली मी. तूच म्हण वंदना."

मला पटलं नाही. मी हिंगण्याला एका कारखान्यात तपासणीचं काम करते. माल नापास करायच्या आधी मोजायचं यंत्र तपासावं लागतं. रविवारी सकाळी विहाराची किल्ली घेतली, मावशींना सोबत नेलं आणि कीबोर्डवाल्या भाऊंना बोलावलं. ठेकाही त्यांच्या कीबोर्डमधूनच निघतो. तो त्यांना सुरू करायला लावला आणि मी आमच्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.

ठेका येत होता, पण पलीकडून, भिंतीवर आपटून, जरा उशिरा. आमच्या स्पीकरला कान लावला. त्यात काहीच नव्हतं.

मिक्सरवर कीबोर्डसाठी दोन भोकं असतात, वरचं डाव्या बाजूचं, खालचं उजव्या. वायर एकच होती आणि ती खालच्यात होती.

"भाऊ, खाली काहून लावली?"

"वरचं सैल आहे थोडं. दोन सालापासून खालीच लावून राहिलो. मस्त वाजते ना!"

"तुमच्याकडे वाजते."

वायर वरच्यात दाबून बसवली. एकच वायर असेल तर ती वर लावायची, मग आवाज दोन्हीकडे जातो. तिथे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. आमच्या माइकचं 'लो'चं, म्हणजे खर्जाचं, बटण कुणीतरी वजनदार आवाजाच्या हौसेनं शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. मावशींचे शब्द त्यामुळे घागरीतून आल्यासारखे येत. ते मी मधल्या खुणेच्याही मागे आणलं.

"काय पिळून राहिली वं?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही म्हणा."

त्यांनी म्हटलं. प्रत्येक शब्द सुटा आला आणि टाळी ठेक्यावर पडली. मावशींनी माइककडे पाहिलं आणि न सांगता पुढचं कडवं घेतलं.

मग अध्यक्षांना बोलावून घेतलं. त्यांना आमच्या बाजूला बसवलं, वायर पुन्हा खाली लावली आणि टाळी धरायला सांगितली. चौथ्या टाळीला ते घसरले.

भाऊ म्हणाले, "अध्यक्ष, तुमालेबी ताल नाही राहत गा!"

अध्यक्ष हसले नाहीत, पण कार्यक्रमाच्या कागदावर गाणी परत आली.

समारोपाला आम्ही तीन गाणी म्हटली. दोन चोख झाली. तिसऱ्यात निम्म्या बाया पुढे पळाल्या, निम्म्या मागे राहिल्या. खाली बसता बसता मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे मात्र आपलंच चुकलं. रविवारपासून तालमीले या सगळ्या."