हवेतली क्रेन

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर तो माझ्या शेजारी उभा होता. चाळिशीचा, ताजी दाढी केलेला. दोन्ही हातांनी तो हवेत कसले तरी दांडे मागेपुढे करत होता. न राहवून मी विचारलं, "काय चाललंय हो?"

"थांबा काका, माल खाली ठेवू द्या." न दिसणारा तो माल त्याने अलगद टेकवला आणि मगच हसला.

तो क्रेन चालवायचा. कंपनी बंद पडल्यावर कामगार विम्यातून त्याला तीन महिने निम्म्या पगाराइतका बेकारी भत्ता मिळत होता. तो येत्या शनिवारी संपणार होता, आणि आज दिघी बंदरात त्याची चाचणी होती.

"घरबसल्या पैसे मिळाले की माणूस सुस्तावतो," मी शहाणपणा केला.

"न्हाय हो! काशीदचा एक हॉटेलवाला पहिल्याच आठवड्यात वॉचमन म्हणून बोलवत होता. भत्ता नसता तर पोरांसाठी गेलोच असतो. मग क्रेनचं काम शोधायला वेळ कुठला? रोज हिंडलोय काका, पार उरणपर्यंत!"

बोलताना हात पुन्हा सुरू झाले. वडील गेले त्या महिन्यात मी मिळेल ती नोकरी धरली होती. तीस वर्षांत तिच्यासाठी माझे हात असे कधी हलले नाहीत.

बोट लागली. तो पळतच उतरला, लांब जाऊन वळला, त्याने दोन्ही दांडे हळूच मागे ओढले आणि मला बोटीवरून उचलून धक्क्यावर ठेवलं.

जराही हिसका बसला नाही.