पेढे वाटून झाल्यावर

माझी भाची इटलीत शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. आई गेल्यापासून ती महाल वस्तीत माझ्याकडेच वाढलेली, त्यामुळे रोज संध्याकाळी फोन मलाच. त्या मंडळींशी मी चार गोष्टी बोलाव्यात म्हणून ती एकेक शब्द शिकवायची. माझी जीभ काही वळायची नाही, आणि ती हसून बेजार.

एक दिवस तिनं लग्न करण्याचं क्रियापद शिकवलं, 'स्पोझारे'. "मामा, हे जुन्या लॅटिनमधलं आहे. मूळ अर्थ, पक्का शब्द देणं. तोही मुलीच्या बापानं द्यायचा. आपल्या साक्षगंधासारखंच झालं ना?"

मला हसू आलं नाही.

तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटून घरी आलो, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. "दादा, तो पोरगा पिऊन आला होता. मले नाही करायचं हे लग्न. बाबा तुझंच ऐकतात. सांग ना त्यायले."

"आता काहून सांगून राहिली? पाच माणसांत शब्द दिला वं बाबांनी. पेढे वाटून झाले."

बाबांना मी सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. मौद्याला सासरी तिनं नऊ वर्षं मार खाल्ला. भर उन्हाळ्यात माहेरी यायची ती लांब बाह्यांचं ब्लाउज घालून. शेवटी विहिरीत सापडली. पाय घसरला, असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणालो.

"इथं लग्न लावणारा साहेब नवरीलेच विचारतो," भाची फोनवर सांगत होती. "आईले विचारलं होतं का मामा कोणी?"

तुझ्या आजोबांनी ठरवलं, असं तिला सांगून मी आजवर सुटत आलो होतो. त्या दिवशी माझीच मला किळस आली.

"विचारलं नाही कोणी. तिनंच येऊन मले नाही म्हणून सांगितलं होतं. मी बाबांपर्यंत जाऊ दिलं नाही."

मग ती एवढंच म्हणाली, "ठेवते."

लग्नात तिला साहेबानं विचारलं आणि ती मोठ्यानं हो म्हणाली, हे मला माझ्या मुलाकडून कळलं. व्हिडिओ त्याच्या फोनवर आला होता.