पाणी न दिलेला ठसा

वाल्बुर्गा सूपमध्ये काळ्या पावाचे तुकडे चुरत होती, तेवढ्यात कॅथेड्रलची मोठी घंटा सुरू झाली. सावकाश, एकेक टोला. बिशप गेले. तिचा नवरा फाइट चमचा तोंडाशी नेत होता, सूप दाढीवर सांडलं. हात तर गेल्या हिवाळ्यापासूनच थरथरत होता. दोघांचीही नजर पिठाच्या पेटीकडे गेली.

बिशप म्हणजे इथले राजेही. थालर या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्यांचा चेहरा, दुसरीकडे तलवार आणि धर्मदंड. ते गेले की नाणी पाडायचे त्यांच्या चेहऱ्याचे सगळे पोलादी ठसे घंटा वाजत असतानाच मोडायचे, हा इथला रिवाज. घंटा थांबल्यावर ज्याच्या घरी ठसा सापडेल, तो खोटी नाणी पाडणारा. त्याचा उजवा हात जायचा.

फाइट टाकसाळीत ठसे कोरायचा. म्हणजे लोक तसं समजायचे. हात थरथरू लागल्यापासून तो पोलाद रविवारच्या रुमालात गुंडाळून घरी आणायचा, आणि सोनाराची लेक वाल्बुर्गा खिडकीशी बसून उलटा चेहरा कोरायची. पिठाच्या पेटीत लपवलेला ठसा आज टाकसाळीत परत जायचा होता.

दारावर थाप पडली.

टाकसाळीचे कारभारी ओस्टरटाग होते. हातात छिन्नी, हातोडी; मागे एक शिपाई. एक ठसा कमी भरतोय म्हणाले. मग फाइटच्या दाढीकडे बघून हसले.
“धड सूप पिता येत नाही, आणि पापण्या केसासारख्या कोरता. कमाल आहे हो तुमची.”

फाइट उठायला गेला. वाल्बुर्गानं त्याचा खांदा दाबून त्याला बसवलं, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि पिठानं माखलेला ठसा टेबलावर ठेवला.

शिपायानं फाइटचं मनगट धरलं. ठसा असाच, न मोडता, याच्यासकट बिशपांच्या वाड्यावर न्यायचा, कारभारी म्हणाले. पण वाड्यापर्यंतची चढण मोठी होती, आणि टोल्यांमधलं अंतर आता वाढत चाललं होतं; तिथे पोचेपर्यंत घंटा थांबली असती.

तिनं कंबरेची सुई काढली आणि ठशाच्या कडेवर ओढली. पोलादावर स्वच्छ ओरखडा उठला.
“बघा साहेब. याला अजून तापवून पाणी दिलेलं नाही, मऊच आहे. यानं एक नाणंसुद्धा पाडता यायचं नाही.”

ओस्टरटागांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटांवर पिठाखाली कोरणीचे जुने वण होते. त्यांचं हसू गेलं.
“कोरलं कोणी, बाई?”

“मी.”

आणखी एक टोला पडला. पुढचा येईना. फाइट डोळे मिटून वाट पाहत होता. आला, पण फार उशिरा.

वाल्बुर्गानं ठसा चुलीच्या दगडावर नेऊन ठेवला, चेहरा वर करून.
“मला काय ते नंतर विचारा,” ती म्हणाली. “आत्ता एवढंच करा. हा इथेच मोडा.”