सुतळीआबांचं चुकलेलं माप

अपघाताची गाडी दारात आली की आम्ही सगळे तिच्या फुटलेल्या तोंडाकडे धावायचो. सुतळीआबा मात्र मागे जाऊन धुळीत उताणे पडत आणि गाडीखाली सरपटत. मार पुढे बसला तरी तो चासीतून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत जातो, असं त्यांचं म्हणणं. मालक आपली चूक कशी नव्हती हे तिखटमीठ लावून सांगत असे, आणि आबांचे फक्त पाय दिसत.

जळगावात चोपड्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी साक्रीचा, नुकता डिप्लोमा झालेला. विम्यासाठी गाड्यांचं नुकसान ठरवणारा सर्व्हेअर व्हायचं होतं. पुस्तकातल्या आकृत्या तोंडपाठ होत्या, वाकलेली चासी मात्र दिसत नव्हती. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मालक सांगस ते आयक, पन गाडी दखाडस तेच लिख."

त्यांचं माप साधं होतं. चासीच्या चार ठरलेल्या रिव्हेटांवरून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे फरशीवर खडूची खूण करायची, गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि खुणांमध्ये तिरप्या सुतळ्या ताणायच्या. दोन्ही सारख्या भरल्या तर चासी चौकोनात. पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ओळंबा माझ्या हाती आला. मला आभाळ ठेंगणं झालं. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं. माप आबांचंच, असा सगळ्यांचा समज.

चोपड्याकडे माणसं नेणारी एक काळीपिवळी जीप बाभळीवर आदळून आली होती. आठवडाभर ओढून-ठोकून चासी सरळ केली. शेवटचं माप माझं. एक रिव्हेट चिखल-ग्रीसखाली बुजला होता. तो खरवडून काढायचा मी कंटाळा केला आणि शेजारी जुन्या दुरुस्तीत कुणी मारलेल्या बोल्टवरून ओळंबा सोडला. सुतळ्या सारख्या भरल्या. मी "चौकोनात" म्हणालो, आणि आबांनी गाडी सोडली.

अंगणात रोज सकाळी सडा मारायची आबांची सवय. जीप गेली आणि ते ओल्या मातीवर वाकले. बोटांनी चाचपत राहिले. सरळ गाडीची मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात. इथे चार वेगळ्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. जीप तिरकी चालत होती. कुठल्या रिव्हेटवरून माप घेतलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मोपेड काढ," म्हणाले.

स्टँडवर गेलो तर जीप भरून निघून गेलेली. मोपेडवर मागे बसून आबा वाटभर एकच शब्द बोलत होते, "पूल." तापीच्या पुलाआधी उतार आहे. भरल्या गाडीला तिथे ब्रेक लागला असता तर ती एका अंगाला ओढून थेट कठड्यावर गेली असती. आठवतील तेवढ्या देवांना मी नवस बोललो. माझ्यामुळे पंधरा-वीस माणसं मरणार होती आणि मोपेड काही पळत नव्हती.

उताराच्या तोंडाशी जीप आणखी एक माणूस घ्यायला थांबली होती. ड्रायव्हर ऐकेना. तुम्हीच तर पास केली, म्हणाला, आणि गिअर टाकू लागला. आबा पुढच्या चाकासमोर आडवे झाले. लोक उतरून जमा झाले. कुणाची चूक, कुणाची चूक, असा गलका सुरू झाला. तेवढ्यात आबा पडल्या पडल्या बोलले.

"माप मन्हं चुकनं. डोया गयात मन्हा."

मी गप्प राहिलो. रिकामी जीप हळूहळू परत आणली, तो रिव्हेट खरवडला, आणि सुतळ्यांत चांगला इंचभर फरक निघाला.

बातमी जीपवाल्यांत पसरायला दोन दिवस लागले. आंधळ्याकडे गाडी कोण देणार? सहा महिन्यांत आबांनी गॅरेज बंद केलं आणि ते लेकीकडे धुळ्याला गेले. मी तिथे जाऊन रडलो, सगळ्यांना खरं सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "तुन्ही चूक लोकेसले समजनी तं तुले कोन गाडी दखाडी? मन्हं काय, मी म्हातारा शे." मला तेच ऐकायचं होतं, ही लाज अजून जात नाही. त्याच हिवाळ्यात आबा गेले.

मी सर्व्हेअर झालो. एकदा पहूरला एका ट्रकखालून बाहेर आलो तर मालकाने कौतुकाने विचारलं, "साहेब, शिकलात कुणाकडे?" मी नाव सांगितलं. "म्हणजे ज्यांचं माप चुकलं होतं, ते आबा?"

मी हो म्हणालो.