आधी काय उचलायचं

विनोदिनीबाई गणिताच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. या बाई विशीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून संगणकाची जावा भाषा शिकल्या. कशासाठी? तर महाडच्या एका रुग्णसेवा संस्थेला रक्तदात्यांची यादी करून द्यायला. कापडे गावापासून शिवथरपर्यंत तंगडतोड करून एकोणीसशे नावं जमवली. रक्तगट टाकला की नाव, गाव, शेजाऱ्याचा फोन, सगळं समोर. कागदाच्या चिठ्ठ्या मग रद्दीत गेल्या. संगणक आल्यावर कागद कोण सांभाळतो!

२००७ च्या मे महिन्यात संस्थेत नवा संगणक आला, त्यात जावाची नवी आवृत्ती. बाईंचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीतला. त्यातला नावं साठवणारा भाग श्रीधर नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याने करून दिलेला, आणि श्रीधर अपघातात गेलेला. नव्या आवृत्तीवर तो भाग काही केल्या चालेना. नावांची फाईल नव्या संगणकावर उतरली, पण उघडायची म्हटलं की नुसत्या चुका दाखवी. उघडे ती फक्त जुन्या संगणकावर.

संस्थेचा चिटणीस देवव्रत, तोही बाईंचाच विद्यार्थी. त्याला त्यांनी बजावलं, "श्रीधरचा भाग मी नव्याने लिहिते. दिवाळीपर्यंत जुन्या संगणकाला हात लावू नकोस." यादी तेवढी छापून घ्यायची राहिली. ती चूक बाईंची, आणि त्याबद्दल त्या स्वतःला कधी माफ करणार नाहीत.

जुलैत गावात पाणी शिरलं. महाडकरांना त्याचं काय कौतुक! सामान भराभर माळ्यावर गेलं. बाई नाते गावी बहिणीकडे अडकल्या होत्या. तीन दिवसांनी आल्या तर नवा संगणक वर कोरडा ठणठणीत, आणि जुना खाली चिखलात.

"जुनाच तर खोका होता, बाई," शिपाई चांगू म्हणाला. "नवा वाचवला नाय का आम्ही?"

आठवड्याने दवाखान्यातून फोन आला. शिवथरची बनुबाई बाळंत होऊन पडली होती, रक्त थांबत नव्हतं, गट निगेटिव्ह. बाईंना एकोणीसशेतली त्या गटाची तीन नावं आठवली. एक मुंबईला गेलेला. एकाचा फोन लागेना. तिसरा कापड्याचा सयाजी, तो म्हणाला, "येतो की! पण साठी उलटली माझी, घेतील का?" घेतलं नाही. फाईल समोर पडद्यावर होती, देणारी माणसं तिच्यात होती, आणि बाई त्या मेल्या फाईलवर पुन्हा पुन्हा बटण दाबत होत्या. संध्याकाळी बनुबाई गेली.

दुसऱ्या दिवशी देवव्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही घेऊन आला. कुठला भाग कुठल्या आवृत्तीवर चालतो, ते बाईंनी तिच्यात लिहून ठेवलं होतं.

"बाई, तुमची वही मात्र सुखरूप हं," तो मायेने म्हणाला. "सगळ्यात आधी हीच वर नेली."

बाईंनी गाठ सोडली. पहिल्या पानावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पाणी चढलं तर सगळ्यात आधी जुना संगणक वर न्यावा.

बाईंनी वही तशीच उघडी त्याच्या हातात दिली.