पहिले दोन झुरके

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. वाटूरपासून थोडं आत असलेल्या एका गावात मी नर्स आहे. साठीच्या पुढच्या लोकांची विडी सोडवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हा स्वभाव आता तरी कामी येईल असं मला वाटलं होतं. आमचे म्हातारे आयुष्यभर मजुरी करून थकलेले, निराधार योजनेच्या पगारावर दिवस काढणारे. त्यांना गोडीगुलाबीनं सांगून काही होत नाही, असा माझा ठाम समज होता.

दर गुरुवारी सात-आठ जण एका बाबांच्या ओट्यावर जमायचे. हे बाबा मंठ्याच्या मार्केटात हमाली केलेले, सत्तरीचे. खोकला आला की भिंतीला हात लावून उभे राहायचे. त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणायचे, सगळ्यांना कोरा चहा द्यायची आणि दाराच्या चौकटीआड उभी राहायची. आमच्या बैठकीत ती कधी बसली नाही. मीही तिला कधी बस म्हणाले नाही.

माझी एक पद्धत होती. विड्यांचं बिंडल पुरुषाच्या खिशात राहू द्यायचं नाही, बायकोच्या ताब्यात द्यायचं. तिनं रोज एकेक कमी करत त्याला द्यायची. घरच्या बाईइतकं कडक कुणी राहत नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचे. बाबांचं बिंडल मी स्वतः त्यांच्या खिशातून काढून मावशीच्या हातात ठेवलं. पोळ्याला त्यांची शेवटची विडी झाली. मग काय, मी जाईन तिथं त्यांचंच उदाहरण द्यायला लागले.

दिवाळीनंतर किराणा दुकानाच्या शेठनं मला थांबवलं. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठ बोलतात आमच्यासारखंच. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या बाबानं विडी सोडली म्हन्ता, पर बिंडल तर बराबर जाऊ राह्यलं त्यांच्या घरी. बाबांसाठीच म्हणून मावशी नेते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच गुरुवारी मी बाबांना सगळ्यांदेखत झापलं. "माझ्या तोंडावर हो म्हणता आणि मागं हे धंदे? आणि आणायला बायकोला पाठवता? लाज वाटत नाही?" बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मावशी चहाचे कप घेऊन आत निघून गेली.

त्यांच्या गप्प बसण्यानं मी आणखी चिडले. तालुक्याच्या दवाखान्यात एक छोटं यंत्र होतं. त्यात फुंकलं की श्वासात धूर किती त्याचा आकडा दिसतो. विडी ओढलेली असली तर लाल दिवा, नसली तर हिरवा. चोर पकडायचाच म्हणून मी ते मागून आणलं. पुढच्या गुरुवारी सगळ्यांत आधी बाबांच्या तोंडाशी धरलं.

हिरवा दिवा लागला.

मला वाटलं यंत्र बिघडलं. मी स्वतः फुंकलं, हिरवा. शेजारच्या म्हाताऱ्यानं सकाळीच ओढली होती, त्याचा लालभडक आला. पुन्हा बाबा, पुन्हा हिरवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं तोंड एवढंसं झालं. ते लपवायला मी हसत दाराकडे वळले. "या मावशी, आता तुम्ही फुंका. एवढे दिवस पहारा केलाय, बक्षीस नको का?"

मावशी नको नको म्हणत होती. मी तिचा हात धरून तिला ओढत बाहेर आणलं. तिनं फुंकलं आणि दिवा लाल झाला.

"चुलीचा धूर गेला असंल," मावशी घाईघाईनं म्हणाली. मी लगेच "हो, हो, चुलीचाच" म्हणून टाकलं. चुलीच्या धुरानं आकडा थोडा चढतो, एवढा नाही, हे मला माहीत होतं. बैठक तिथंच मोडली आणि मी तिच्या मागोमाग आत गेले.

ती चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "लगीन होऊन आल्ते तव्हा मी पंधराची. घरात पाव्हणे बसले की बाहेरून हाक यायची, विडी पेटवून आन. सासूनंच शिकवलं. चुलीतल्या इंगळाला टेकवायची आन् दोन झुरके मारायचे, म्हंजी ती वाटंत इझत न्हाई. दिसाला ईस-पंचवीस येळा."

बोलता बोलता तिनं हात चुलीकडे नेला, मान तिरपी केली आणि धूर लागू नये म्हणून एक डोळा मिटला. हातात विडी नव्हती, तरी मला ती दिसली. माझं माहेर केदारखेड्याकडचं. माझी आई वडिलांची विडी अशीच पेटवायची, हाच डोळा मिटून. मी शेजारी अभ्यासाला बसलेली असायचे.

आई खोकून खोकून गेली. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "विडी, तंबाखू?" मी तेव्हा नुकती नर्सिंगला लागले होते. ठसक्यात म्हणाले, "आई कशाला ओढेल? वडील ओढतात." आई कॉटवर पडून माझ्याकडे बघत होती. तिनं काही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत मला ते एकदाही खटकलं नव्हतं. मी मावशीच्या शेजारी चुलीपुढं बसले.

"मला म्हाईत व्हतं," दारातून बाबांचा आवाज आला. ते कधी आले कळलंच नाही. "पर बाईमान्साचं असं चार लोकांत कसं सांगावं, सिस्टर? मी बोलनं खाल्लं तर काय बिघडतं?"

मी सगळ्यांदेखत त्यांची लाज काढली होती. आता माफी मागायलाही मला तोंड राहिलं नव्हतं. मी पिशवीतून रजिस्टर काढलं. त्यातली सगळी नावं पुरुषांची होती. त्यांच्या खाली मावशीचं नाव लिहिलं आणि प्रत्येकाला विचारते तोच पहिला प्रश्न तिला विचारला, "दिवसाला किती ओढता?"

मावशीनं तांदळाच्या डब्यामागून बिंडल काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"आधी दोनच झुरके भेटायचे," ती म्हणाली. "मंग तुमी पुरं बिंडल माझ्या हातात दिलं. तव्हापासून आख्खी ओढू राह्यले."