आमच्या घरची इंजिनिअर नाही म्हणते

आमच्या घरात फुशारकी मारायचं खातं बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. कळव्यात त्यांना धाकूशेठ म्हणतात. तरुणपणी मिठागरात राबलेला माणूस, आता स्वतःच्या जमिनीवर लग्नाचा हॉल बांधून ऐटीत बसलाय. पण आज फुशारकी मी मारणार आहे. कुणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडावं. विषय आहे माझी धाकटी जाऊ, समृद्धी.

समृद्धी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत उभी कशी राहील, याचं गणित ती मांडते. नोकरी वर्तकनगरच्या एका ऑफिसात. ठाण्यातले कितीतरी टॉवर तिच्या गणितावर उभे आहेत, पण नकाशांवर सही साहेबांची. स्वतःच्या नावाने सही करायची तर एक व्यावसायिक परीक्षा पास व्हायची, असा त्या ऑफिसचा नियम. तिला ती सही हवी होती. मला तर तिच्याहून जास्त हवी होती, कारण 'साहेबांनी केलाय तो टॉवर' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

परीक्षा दिवसभराची. कागदावरचा एक मालक काय काय हवं ते सांगतो आणि तुम्ही त्याची इमारत दोन वेगळ्या पद्धतींनी उभी करून दाखवायची. मग मालक ऐनवेळी आणखी काहीतरी मागतो, त्याला पत्राने उत्तर द्यायचं. समृद्धीने प्रश्न निवडला तो लांब गाळ्याच्या इमारतींचा. सभागृहं, खेळाचे हॉल, जिथे मधे एकही खांब चालत नाही.

"अगं, रोज टॉवर करतेस, मग टॉवरचाच प्रश्न घे ना," मी म्हटलं.

"टॉवर काय, डोळे मिटून करते, ताई. मला हे यायला पाहिजे."

पहिल्या खेपेला आपटली. गणित चोख, चित्रं देखणी, पण पत्रात गेली. मालकाला हॉलच्या डोक्यावर आणखी एक मजला हवा होता आणि आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं, होईल, करून देऊ. परीक्षकांनी शेऱ्यात विचारलं, छताची उंची किती वाढणार, पाया पुरणार का, काम किती लांबणार, आणि जमत नसेल तर दुसरं काय करायचं, हे मालकाला कोण सांगणार?

ही चूक कुठून आली ते मला विचारा. ऑफिसात बिल्डरला नाही म्हणायचं नाही आणि घरी बाबांना नाही म्हणायचं नाही. रविवारी दुपारी बाबा पाहुण्यांची फौज घेऊन आले, की ही पुस्तक मिटून "हो बाबा" म्हणत भाकऱ्या थापायला बसणार. परीक्षेच्या इंग्रजी पत्रातसुद्धा ती सूनच राहिली!

दुसऱ्या खेपेच्या तयारीत मग मी मालक झाले. मी शाळेत शिकवते, खोडसाळ प्रश्न विचारायची मला सवय आहे. ती जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायची आणि मी वाट्टेल ते मागायची. छतावर पोहण्याचा तलाव पाहिजे. डावीकडची भिंतच नको.

"बघते ना, ताई."

"बघते काय? नाही म्हण! आणि का नाही, ते सांग."

ती हसायची, मान डोलवायची आणि पुन्हा "बघते" म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि भीतीही वाटायची, की ही पुन्हा इथेच अडकणार.

त्यातच आमच्या सगळ्यात धाकट्या दिराचं, रत्नदीपचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे आमच्यात आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाबांनी डेकोरेटरला धरून बेत रचला, की नवरा आणि त्याचा मामा फुलांच्या पाळण्यात बसून आमच्याच हॉलच्या छतातून खाली उतरणार. शिवाय चारी बाजूंनी स्पीकर छतालाच टांगायचे. गावभर सांगून झालं होतं. मामा तर वजन कमी करायला लागला होता.

हळदीच्या आधी डेकोरेटरची माणसं साखळ्या घेऊन आली, तेव्हा बाबा, त्यांचे चार दोस्त आणि मी हॉलमध्येच होतो. समृद्धी ऑफिसातून थेट तिथे आली. तिने मान वर करून छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, म्हणजे पाइपांच्या त्रिकोणी चौकटी, बघितल्या. मग शिडी मागवली आणि साडीचा पदर खोचून वर चढली. एकेका सांध्यावर हात फिरवून खाली आली आणि थेट बाबांपुढे उभी राहिली.

"बाबा, हे नाही करायचं."

डेकोरेटरच्या माणसांनी हातातल्या साखळ्या खाली ठेवल्या.

"काय बोललीस?" बाबा म्हणाले.

"या कैच्या पत्रे आणि वारा पेलायला केल्यात. मधोमध पाळणा आणि चारी बाजूंनी स्पीकर टांगले तर खालचा पाइप वाकेल, आणि तो वाकला की छत खाली येईल. खाली आपलीच माणसं नाचत असतील. स्पीकर जमिनीवर स्टँड लावून ठेवा. त्यात नाचायची थोडी जागा जाईल, ते मी आत्ताच सांगते. रत्नदीप भावजी बँडबरोबर दारातून येतील. पाळणा मात्र नाही."

दोस्तांसमोर सुनेने तोंडावर नाही म्हटलं! बाबा निघून गेले. साखळ्या परत गेल्या, हळद जोरात झाली, रत्नदीप बँडबरोबर नाचत आला. पण बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती रोज त्यांच्यापुढे चहा ठेवायची, ते पेपरात तोंड घालायचे. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण "चुकलं" असं एकदाही म्हणाली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मीच जाऊन रडून आले.

अबोला चालू असतानाच तिने परीक्षा दिली. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "ताई, मालकाला हॉलच्या छतावर बाग हवी होती. नाही म्हणून आले. का नाही ते लिहिलं, आणि बाग कुठे करता येईल तेही."

पास झाली. मी शाळेत पेढे वाटले, आळीत वाटले. बाबांनी पेढा घेतला, पण बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावाची मंडळी समाजाच्या नव्या हॉलचा नकाशा घेऊन बाबांकडे आली. हॉल आपल्यापेक्षा मोठा, मधे खांब नको, वर गॅलरी टांगायची.

"शेठ, तुमी हॉल बांधलाव. ह्यो होईल ना? आन सही कनच्या सायबाची घ्यायची?"

बाबा खुर्चीतून उठले. आत येऊन समृद्धीला म्हणाले, "बाहेर ये." तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण शेजारी उभे राहिले.

"सायेब कशाला? सही माजी सून करल. पन ती नाय बोलली त नाय. मंग माज्याकरं वशिला लावाला येव नका."

समृद्धीने नकाशा उलगडला. बराच वेळ बघितला. बोट गॅलरीवर ठेवलं.

"काका, हे असं नाही होणार."

बाबांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "बगितलंत?" ते त्या मंडळींवर ओरडलेच. "माज्या तोंडावर पन असीच बोलली व्हती!"